कानसेनांचं मुकं अंगण

पक्षी बघायला दुर्बीण लागते असं म्हणणाऱ्या माणसाकडे कानसेन अशा नजरेने बघत, की आपण चुकून पायजमा उलटा घालून आलोय की काय असं त्या बिचाऱ्याला वाटावं. दुर्बीणवाले त्यांच्या लेखी अर्धवट आणि कॅमेरावाले पार वाया गेलेले. "पक्षी ही काय बघायची वस्तू आहे?" ते विचारत. "बघायला काय, फांदीला अडकलेली चिंधीसुद्धा पक्ष्यासारखी दिसते. डोळा फसतो. कान फसत नाही." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले होते, की त्यांची बायको स्वयंपाकघरातून ते त्यांच्याआधी पुरं करायची आणि पुरं करताना तोंड वाकडं करायची.

कानसेन हे नाव त्यांना पक्षीमंडळातल्याच कुणीतरी पाठीमागे, कुचेष्टेने ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर ते कानावर आल्यावर चिडला असता. यांनी ते पदवीसारखं मिरवलं. गाता येत नसलं तरी ऐकता चांगलं येतं, एवढाच त्या नावाचा अर्थ. पण यांच्या तोंडून ते ऐकताना वाटायचं, की कुठल्यातरी दरबारातून शालीसकट मिळालंय.

कानांचा हा ताठा नोकरीतून आला होता. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची चाकं ठोकून तपासायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. लांब दांड्याचा हातोडा घ्यायचा, चाकावर एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. चाक ठणठणलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. त्यांनी नाही म्हटलेलं चाक जागचं हलत नसे, मग वरच्या साहेबांनी कितीही डोळे वटारोत. पत्र्याच्या त्या अवाढव्य शेडमध्ये चारी बाजूंनी घण पडायचे, पत्रे कापले जायचे, आणि बाकीचे लोक कानात कापसाचे बोळे घालून काम करायचे. कानसेन त्यांना हसत. "बोळे घालून चाकं तपासा! उद्या डोळे बांधून सुईत दोरा ओवा!" एकदा कारखान्याने सगळ्यांना कानांवर लावायच्या जाडजूड वाट्या वाटल्या. यांनी त्या घरी आणून बायकोला दिल्या. तिने त्यात माती भरून मिरचीचं बी लावलं, आणि मिरच्या छान आल्या.

फोरमन होऊन निवृत्त झाल्यावर ठोकायला चाकं उरली नाहीत आणि झापायला हाताखालची माणसंही उरली नाहीत. मग पक्षी आले. खोटं कशाला बोला, कान होताच. रोज सकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून ते बसत आणि एकेक आवाज सुटा करत. तांबटाची टुकटुक, होल्याचं घुमणं, शिंप्याचा तो अंगापेक्षा मोठा ओरडा. फुलटोच्या म्हणून अंगठ्याएवढा एक पक्षी असतो. तो पानांत दिसत नाही, नुसता टिक टिक करतो. तो पहिल्यांदा ओळखला त्या दिवशी हा थोराड माणूस अंगणात चक्क नाचला होता, आणि बायकोनेसुद्धा त्या दिवशी त्यांची टर उडवली नव्हती. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ऐकून आनंद होतो म्हणून ऐकावं, एवढा साधा स्वभाव नव्हता. आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नाही हे दिवसातून एकदा तरी कुणाला दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. म्हणून पक्षीमंडळ.

मंडळात एक दातांची डॉक्टरीण होती, मुलांच्या शिकवण्या घेणारे एक क्लासवाले होते आणि बाकी अशीच, रविवारी घरात काम निघू नये म्हणून बाहेर पडणारी माणसं होती. सगळे त्यांना 'सर' म्हणत. जन्मभर 'मिस्त्री' ऐकलेल्या माणसाला या 'सर'ची किती गोडी लागली असेल, ते सांगायला नको. ते पुढे चालत, अचानक थांबत, डोळे मिटून एक बोट वर करत, आणि मागची सगळी वरात श्वास रोखून उभी राही. मग निकाल लागे. "चष्मेवाला. दोन." चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला पिवळसर, चिमणीहून लहान पक्षी. झाडाकडे न बघता त्यांनी तो सांगितला की क्लासवाले हळूच टाळी वाजवत. हे गृहस्थ इतके टाळीबाज होते, की सरांना शिंक आली तरी त्यांचे हात जवळ यायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मंडळ घरोघरच्या अंगणातले पक्षी मोजायचं. इतर ठिकाणी हे काम लोक डोळ्यांनी करतात. इथे कानांनी. डोळे मिटून बसायचं, ऐकू येईल तो पक्षी मोजणीत धरायचा. दिसलेला पक्षी, त्याने आवाज केला नसेल तर, धरायचा नाही. नियम अर्थातच कानसेनांचा. एका नव्या सभासदाने एकदा समोरच्या कुंपणावर बसलेला शिंजीर धरला होता. शिंजीर म्हणजे तो बाकदार चोचीचा, उन्हात निळाजांभळा चमकणारा, फुलातला रस पिणारा.

"बोलला का तो?" कानसेनांनी विचारलं.

"बोलला नाही, पण सर, बसलाय ना. हा काय समोर."

"बोलला नाही, म्हणजे नाही."

नव्या सभासदाने एकदा शिंजिराकडे पाहिलं, एकदा मंडळाकडे पाहिलं. मंडळ माना डोलवत होतं. तो पुढच्या रविवारपासून फिरकला नाही, आणि त्या सगळ्यांत अक्कल असलेला तोच एक निघाला.

आता कान काही एका दिवसात जात नाहीत. ते वरून जायला लागतात. आधी सगळ्यात बारीक आवाज जातो, मग त्याच्या खालचा. कावळा, होला, भारद्वाज ही जाड्या आवाजाची मंडळी शेवटपर्यंत सोबत करतात. त्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतंय. जे येत नाही ते येत नाही, हे त्याला कोण सांगणार? बायको सांगते, पण तिचं कोण ऐकतो!

घरातलं कपडे धुवायचं यंत्र धुणं झालं की बारीक शिटी द्यायचं. एक दिवस कानसेनांनी जाहीर केलं, की शिटी बिघडली. कारागीर आला, त्याने यंत्र चालवलं, आणि म्हणाला, "काका, वाजतेय की."

"दुरुस्तीला आलास की माझी थट्टा करायला?"

"अहो, वाजतेय ती," बायको म्हणाली. "मला ऐकू येतेय."

"तुझे कान वाजत असतील."

कारागिराने हत्यारं गोळा केली आणि जाताना बायकोकडे असं पाहिलं, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तो गेल्यावर तिने सरळ विषय काढला. "एकदा कान दाखवून या डॉक्टरांना." कानसेनांच्या अंगाचा तिळपापड झाला. "कानाच्या डॉक्टरने माझ्याकडे यायचं शिकायला! ज्या कानांनी चाकातला केसाएवढा तडा धरला, ते कान तू डॉक्टरला दाखवायला सांगतेस?" ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. धुणं झाल्याचं तिला कळत होतं, आणि वाळत घालायचं तिलाच होतं.

मग तो रविवार. मोठ्या आंब्याखाली सगळे उभे होते आणि वर फुलटोच्या जिवाच्या आकांताने टिकटिकत होता. कानसेन डोळे मिटून, बोट वर करून उभे, आणि चेहरा कोरा. शेवटी डॉक्टरीण हळूच म्हणाली, "सर, फुलटोच्या ना?"

कानसेनांनी डोळे उघडले. "बाई, दिवसभर लोकांच्या दातांत ते यंत्र गरगर फिरवता. तेच बसलंय तुमच्या कानात."

सगळे खो खो हसले. डॉक्टरीणही हसली. हसणाऱ्या प्रत्येकाला फुलटोच्या स्वच्छ ऐकू येत होता आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. का फुटावा? प्रत्येकाने कधी ना कधी असाच सगळ्यांदेखत मार खाल्ला होता, आणि आज दुसऱ्याची पाळी होती. शिवाय काहींना खरोखरच वाटलं, की सर नाही म्हणतात म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. भित्रा आणि भक्त यांत तसा फार फरक नसतो. त्या दिवसापासून बारीक आवाजाचा पक्षी ऐकू आला, की मंडळातला माणूस आधी सरांच्या तोंडाकडे बघू लागला.

त्या वर्षीची मोजणी झाली. फुलटोच्या एकाही अंगणात नाही. चष्मेवाला नाही. शिंजीर नाही. सरांच्या अंगणात नाहीत असं कळल्यावर आपल्या अंगणात ऐकलेले पक्षी सगळ्यांनी गुपचूप वगळून टाकले होते. निकाल वाचून दाखवताना ही तीन नावं कानसेनांनी दुःखाने दोन-दोनदा वाचली. ते दुःख खरं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. या चिमुकल्या जिवांवर त्यांचा जीव होता आणि ते गेले याने ते आतून हलले होते. पण कानसेनांचं दुःख नुसतं बसून राहणारं नव्हतं. त्याला गुन्हेगार लागायचा.

गुन्हेगार कुंपणापलीकडेच राहत होता. शेजारी लाकडी सामानाला पॉलिश करणारा एकजण होता. मागच्या छपरात तो खुर्च्या-कपाटं घासायचा आणि यंत्राने त्यांवर रंग फवारायचा. तसा तो काही साधुसंत नव्हता. दिलेलं सामान महिनोन् महिने अडकवून ठेवायचा, विचारायला गेलं की "उद्या नक्की" म्हणायचा, पॉलिशच्या चिंध्या कुंपणावरून इकडे टाकायचा. त्याचं यंत्र भर्र करून सुरू झालं, की कानसेनांच्या सकाळच्या बैठकीचा विचका व्हायचा. थिनरचा वास तर घरात झोपायला यायचा. हा वास, हे फवारे, दुसरं काय? याच विषाने पक्षी गेले. कानसेनांना एकदम सगळं उलगडलं, आणि उलगडल्यावर त्यांना बरंही वाटलं.

कुंपणाशी उभं राहून त्यांनी पॉलिशवाल्याला फैलावर घेतलं. तो ऐकत होता आणि पायाने एका स्टुलाची घडण तपासत होता.

"पक्षी गेले म्हणता काका, मग माझ्या छपरात काय लोंबतंय? बल्बच्या वायरीला घरटं केलंय एका जोडीने. दिवसभर किचकिच, टाळकं उठलंय माझं."

"कसला पक्षी?"

"मला काय ठाऊक. बारकासाय. काळानिळा. येऊन बघा की."

"मी बघत नसतो. आणि तुझं छप्पर काय परमुलखात आहे? तिथे शिंजीर असता तर मला अंथरुणात ऐकू आला असता."

पॉलिशवाल्याने स्टूल सोडलं आणि दात काढले. "काका, बहिरे झालात की काय?"

तो नुसता गमतीने बोलला होता. पण बायको मागच्या दारात उभी होती आणि तिने चटकन मान खाली घातली. कानसेनांनी ते पाहिलं. दुपारी ते पालिकेत गेले, आणि पुढच्या रविवारी सगळ्या मंडळाने तक्रारीवर सह्या ठोकल्या. डॉक्टरिणीच्या सहा खुर्च्या त्याच छपरात पॉलिशला पडल्या होत्या. तिने आधी त्या सोडवून आणल्या आणि मग सही केली.

पालिकेचं काम एरवी गोगलगाईने करावं तसं चालतं. पण मंडळातल्या एकाचा जावई तिथे होता, म्हणून छप्पर बंद करायला माणसं आली ती अशी, की जणू आग लागली होती. त्यांनी सामान बाहेर काढलं, विजेची वायर खेचून तोडली, दाराला कुलूप लावून त्यावर लाख ओतली. पॉलिशवाला तुटलेली वायर घेऊन कुंपणाशी आला. वायरीच्या टोकाला गवताकाड्या आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली, सुकलेल्या दोडक्यासारखी एक पिशवी लोंबत होती. तिला कडेला एक भोक होतं, आणि भोकातून पिवळं काहीतरी ओघळलं होतं.

"घ्या," तो म्हणाला. "दोन होती. एक फुटलं."

कानसेनांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसावा तसा बनियनने पुसला, पण डोळ्याला लावला नाही. "जुनं घरटं आहे. टाकून दिलेलं. कोणी राहत असतं तर आवाज आला असता."

"मग अंडी कुणाची?"

"पालीची असतील."

पॉलिशवाल्याने ते घरटं कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि तो निघून गेला. पुढे तो गावाबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात रोजावर जाऊ लागला. घरटं खांबावरून कधी पडलं, कुणी उचललं, कोण जाणे. कानसेन त्या बाजूला बघत नव्हते.

आता अंगणात शांतता झाली. यंत्र नाही, वास नाही. कानसेन रोज सकाळी खुर्ची टाकून, डोळे मिटून वाट बघत बसले. कावळा आला, होला आला, भारद्वाज घुमला. बाकी काही नाही. मंडळात त्यांनी सांगितलं, की विष जमिनीत मुरलंय, वेळ लागेल. क्लासवाल्यांनी टाळी वाजवली आणि मग प्रसंग टाळीचा नाही हे लक्षात येऊन हात खिशात घातले.

एके सकाळी बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "अहो, ती खुर्ची जरा सरकवा ना तिकडे. पिल्लांनी ओरडून ओरडून जीव घेतलाय. आई बिचारी मघापासून येऊ बघतेय आणि तुम्ही मधे बसलाय ध्यान लावून."

"कुठली पिल्लं?"

"कुठली म्हणजे? ही!"

कानसेनांनी डोळे उघडले. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, तशीच एक काड्यांची पिशवी लोंबत होती. भोकातून दोन डोकी बाहेर आली होती. चोची सताड उघड्या, आत लालबुंद. नरड्यांवरची पातळ कातडी भराभर थरथरत होती. आई तारेवर उतरली, तशी दोन्ही डोकी आणखी ताणली आणि चोची इतक्या फाकल्या की आता फाटतात असं वाटावं.

आवाज नव्हता.

कानसेनांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. ती ऐकू आली. पलीकडे कावळा ओरडला, तोही ऐकू आला. बादलीची कडी खाली पडली, ती वाजली.

"ओरडतायत?" त्यांनी विचारलं.

"कान किटले माझे."

"आत्ता? या घडीला?"

"आत्ताच. चार दिवस चाललंय. मला वाटलं तुम्ही त्यांचंच ऐकत बसता." बोलता बोलता ती थांबली. तिने बादली खाली ठेवली.

कानसेन खुर्ची सरकवून भिंतीशी जाऊन बसले. ते घाबरले होते. चाक बद्द वाजलं होतं, फक्त या वेळी तडा कुठे आहे ते शोधायला वाकावं लागत नव्हतं. मग ते म्हणाले, "पालीची म्हणालो मी."

"हो, म्हणालात," बायको म्हणाली. ती गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतली नव्हती. "आणि त्या माणसाचं छप्पर बंद केलंत."

आता कानसेनांनी सरळ पालिकेत जाऊन 'माझेच कान गेलेत' म्हणायला हवं होतं. तसं ते गेले नाहीत. माणूस एवढा चांगला असता तर ही गोष्ट इथवर आलीच नसती. त्यांनी एक युक्ती काढली. रविवारी मंडळाला अंगणात बोलवायचं, घरट्याखाली उभं करायचं आणि विचारायचं, काय ऐकू येतंय? एकजण तरी म्हणेलच, शिंजीर. मग आपण बोट वर करून सांगायचं, "शिंजीर परतला! छपराचा काही दोष नव्हता. तक्रार मागे घ्या." तक्रार मंडळाची होती, मंडळाने मागे घेतली की पालिका कुलूप काढेल. पॉलिशवाल्याचं काम होईल आणि आपली खुर्ची शाबूत राहील. दोन दिवस ते या युक्तीवर खूश होते. बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बहिरे तुम्ही, आणि सुटका करून घ्यायची त्यांच्या कानांवर," आणि धुणं भिजवायला निघून गेली.

रविवारी मंडळ आलं. पिल्लं आता पिशवीत मावत नव्हती. आई-बाप आळीपाळीने येत होते आणि प्रत्येक खेपेला भोकात तोच लाल कल्लोळ उठत होता. पलीकडे सुटीमुळे पॉलिशवाला घरी होता. तो कुंपणाला कोपर टेकून उभा राहिला.

"डोळे मिटा," कानसेन म्हणाले. "सांगा, काय ऐकू येतंय."

सगळ्यांनी डोळे मिटले. मग एकेकाने पापणी किलकिली करून सरांच्या तोंडाकडे पाहिलं. सरांच्या तोंडावर काहीच नव्हतं, कारण सरांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"क्लासवाले, तुम्ही सांगा."

"काही नाही, सर."

"नीट ऐका."

"नीटच ऐकलं, सर. कावळा सोडला तर काही नाही."

"तुम्ही?"

"काही नाही, सर."

"काही नाही, सर."

ही ओळ तोंडातोंडातून फिरत शेवटी डॉक्टरिणीपाशी आली. कानसेनांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पाहणाऱ्याला ते हात जोडतायत असं वाटावं. "बाई, तुम्हाला ऐकू येतंय. मला माहीत आहे. बोला."

डॉक्टरिणीला आंब्याखालचा रविवार आठवला असणार. "नाही हो सर," ती म्हणाली. "काहीच नाही."

"मग या चोची कशाला उघड्या आहेत?" कानसेन ओरडले. "हे बघा, बघा ना वर!"

तिने चष्मा सावरून घरट्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांची उघडी तोंडं बघितलेली बाई ती. "जांभया देत असतील, सर," ती म्हणाली.

कानसेनांना मग राहवलं नाही. "मी बहिरा झालोय!" ते म्हणाले. "कळतंय का? कित्येक महिने झाले. पिल्लं ओरडतायत आणि मला ऐकू येत नाहीये. पक्षी कुठेही गेलेले नाहीत. माझे कान गेलेत. तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय आणि तुम्ही तोंड शिवून बसलायत!"

मग क्लासवाल्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं. "परीक्षा!" ते म्हणाले. "सर परीक्षा घेतायत आपली! न बोललेला पक्षी आपण धरतो का ते बघतायत!" आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आपण सापळ्यात सापडलो नाही याचा त्यांना इतका आनंद झाला, की डॉक्टरिणीने तर वाकून सरांना नमस्कार केला. कानसेन शिव्या द्यायला लागले, तेव्हा परीक्षा अजून चालू आहे असं समजून ते आणखी हसले. शेवटी त्यांनी खुर्ची उचलून आपटली आणि फाटक दाखवलं. मंडळ खुशीत बाहेर पडलं. रस्त्याने जाताना "सरांसारखा माणूस होणे नाही" असं कुणीतरी म्हणत होतं. हे मात्र जाड्या आवाजात होतं, म्हणून त्यांना ऐकू आलं.

असली माणसं आपणच घडवली, हे त्यांना तेव्हा कळलं. बद्द वाजणारी चाकं ओळीने उभी होती आणि एकेकावर त्यांनीच पास म्हणून खूण केली होती.

ते कुंपणाशी गेले. पॉलिशवाला अजून तिथेच होता.

"उद्या मी पालिकेत येतो तुझ्याबरोबर," कानसेन म्हणाले. "मंडळ गेलं खड्ड्यात. मी सांगतो, माझे कान गेलेत, माझं चुकलं. छप्पर उघडून देतील तुला."

"उघडून काय करू?" पॉलिशवाला म्हणाला. "फवारायचं यंत्र विकलं मी, काका. आता रोजावर आहे ना."

"मी सांगतो तरी. सांगायला हवं."

"सांगा."

तो वळला आणि जाता जाता, पाठमोरा, खालच्या आवाजात काहीतरी बोलला. कानसेनांना आवाज आला पण शब्द लागले नाहीत. बायको मागे तारेवर कपडे घालत होती. तिचा हात जागीच थांबला होता.

"काय म्हणाला तो?" कानसेनांनी विचारलं.

संसारात तिने त्यांच्यापुढे एकही शब्द कधी गिळला नव्हता. कटू असो, तिखट असो, जसा असेल तसा तोंडावर फेकला होता. तिने पिळलेला टॉवेल झटकला, तारेवर टाकला, त्याची टोकं जुळवली.

"काही नाही," ती म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून आत गेली.

कानसेन कुंपणाला धरून उभे राहिले. मंडळ त्यांना घाबरून खोटं बोललं होतं. हिला त्यांची भीती कधीच वाटली नव्हती. आज हिला त्यांची कीव आली होती.